शाळेचं कंपाऊंड आत घेतलं त्याची गोष्ट (माझा अनुभव)

मी चित्रकलेचा मास्तर. बांधकामातलं मला काय कळत नाही, पण आमच्या शाळेची नवी इमारत बांधायची कमिटी झाली तेव्हा "सरांना नकाशा समजतो" म्हणून कुणीतरी माझं नाव घातलं आणि तिथनं पुढचे अडीच वर्षं माझे रविवार गेले ते गेलेच. बऱ्याच जणांनी विचारलं की शाळेतनं पेठेतल्या लोकांना वाट कशी काय दिली बाबा, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

जागा कोल्हापुरात शिवाजी पेठेच्या बाजूला, जुन्या वस्तीत. पुढं मोठा रस्ता, मागं बोळ, मधे मैदान, एका कोपऱ्यात जुनी कौलारू शाळा. कंपाऊंड कधीकाळी होतं म्हणे, आम्ही बघतोय तसं पडलेलंच. पहिला नकाशा आला त्यात इमारत बरोबर मधोमध, चारी बाजूला आठ फुटी भिंत, वर काचा, एकच गेट. मीटिंगमध्ये सगळ्यांना पसंत पडला. खरं सांगतो, मलाही पडला. शाळा म्हटलं की अशीच असते असं डोक्यात बसलेलं असतंय.

नंतर ज्या आर्किटेक्ट मॅडम आल्या त्या कोल्हापूरच्याच. त्यांनी नकाशा उघडलाच नाही, म्हणाल्या सर उद्या सकाळी साडेसहाला मैदानात या. गेलो. दोन तास नुसते उभे. दूधवाला सायकल घेऊन आरपार गेला, तालमीतली पोरं पळायला आली, मंडईला जाणाऱ्या बायका पिशव्या घेऊन मागच्या बोळातनं शिरल्या आणि पुढच्या रस्त्याला लागल्या, आणि गंमत म्हणजे आमचीच निम्मी पोरं मागनं, पडक्या भिंतीवरनं उडी मारून येत होती. सातवीतली एक पोरगी मला बघून दचकली. म्हटलं गेटनं का येत नाहीस गं, तर म्हणाली, "सर मी रोज हितनंच येतो, पुढनं आलो तर लई लांब पडतंय." (कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) म्हणजे नवीन नकाशात आम्ही हिचीच वाट बंद करणार होतो.

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. फुटबॉलच्या ग्राउंडला मारतात ती फक्की, म्हणजे पांढरी पूड, आणली, तालमीची दोन पोरं आणि आमचे शिपाईमामा मदतीला घेतले आणि पहिला नकाशा जसाच्या तसा मैदानावर आखला, वर्ग, जिना, ऑफिस, भिंत, सगळं खऱ्या मापात. आखून होतंय न होतंय तोवर एक आज्जी हातात मेथीची जुडी घेऊन आल्या, पांढऱ्या रेघांकडं बघितलं पण नाही, भिंतीतनं शिरल्या, सातवी ब मधनं गेल्या, मुख्याध्यापकांच्या ऑफिसमधे थांबून पदर सारखा केला आणि जिन्यातनं बाहेर पडल्या. आम्ही सगळे खो खो हसतोय. मॅडम मात्र वहीत त्या कुठनं कुठं गेल्या ती रेघ काढत होत्या. आज शाळेतनं जी वाट जाते ती थोडीफार हीच रेघ आहे.

पण हसणं वेगळं आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये पास करून घेणं वेगळं. वाट ठेवायची म्हटल्यावर एक ज्येष्ठ सदस्य उठले, "उद्या वहिवाट लागली तर जागा जाईल." मुद्दा बरोबर होता. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे, त्यात वीस वर्षं विनाअडथळा, हक्क म्हणून वाट वापरली तर जाण्यायेण्याचा हक्क लागतो. वकिलांकडं गेलो तर ते म्हणाले, अहो लोक आताच कितीतरी वर्षं जातायत, तुम्ही भिंत घालून भांडायला गेलात तर पेठेतले तुमच्यावरच केस टाकतील, त्यापेक्षा तुम्हीच वाट द्या, पण परवानगीनं द्या आणि तसं लिहून ठेवा. परवानगीनं चालणारा माणूस हक्क म्हणून चालत नाही, एवढाच कायद्याचा खेळ. म्हणून आता दोन्ही टोकाला पाटी आहे, "जागा संस्थेची, वापर परवानगीने". पेठेतल्या एकानं सुरुवातीला विचारलं होतं की आम्ही काय पाहुणे आहोत का. त्याला चहा पाजून समजवावं लागलं.

हे मिटतंय तोवर २०२४ चा ऑगस्ट आला. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं, शासनानं शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि आमच्या पालक सभेत अक्षरशः आग लागली. एक ताई रडत म्हणाल्या, तुम्ही परक्या माणसांना माझ्या पोरीच्या वर्गासमोरनं चालवणार? काय उत्तर देणार? मला स्वतःला दोन मुली आहेत. त्या रात्री मी मॅडमना फोन करून सांगितलं की राहू दे, घालूया भिंत.

त्या म्हणाल्या भिंत घालूयाच, फक्त कुठं घालायची ते ठरवू. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला भिंत किंवा कुंपण पाहिजे असं लिहिलंय, ते जागेच्या हद्दीवरच पाहिजे असं कुठंय? मग शाळेचे दोन भाग केले. बाहेरचा भाग म्हणजे वाचनालय, हॉल, मैदान आणि ती वाट. आतला भाग म्हणजे वर्ग, मुलांचे संडास, चौक, आणि त्याला पक्कं कुंपण, एकच दार, दारात शिपाईमामा आणि कॅमेरा. शाळा सुरू असताना मैदान पण आतल्या बाजूला जोडलं जातं, मधलं जाळीचं गेट सरकवायचं, संध्याकाळी साडेपाचला ते उलट सरकवलं की मैदान पेठेचं. वाट मात्र कायम बाहेरच राहते आणि वर्गाची एकही खिडकी वाटेवर खाली उघडत नाही, सगळ्या डोक्याच्या वर. त्याच ताईंना परत बोलावून फक्कीनं आखून दाखवलं, त्या स्वतः वाटेवरनं चालल्या, टाचा वर करून खिडकीत डोकवायचा प्रयत्न केला, दिसलं काही नाही, मग सही केली.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की डोकं दुखतंय. मोजणी, प्रॉपर्टी कार्ड, पूररेषेचा दाखला (आमची जागा लाल रेषेच्या बाहेर, तरी दाखला लागतोच), फायरची एनओसी, मग परवाना, मग जोता तपासणी. एका टेबलावर फाईल सात आठवडे निवांत झोपली होती, कुठल्या ते विचारू नका. एक गोष्ट मात्र अनपेक्षित फायद्याची झाली. इमारतीभोवती सामासिक अंतर, म्हणजे मोकळी जागा, सोडावं लागतं आणि आगीचा बंब फिरायला मोकळा रस्ता लागतो, आणि आमची वाट नेमकी त्याच पट्ट्यात बसली. म्हणजे तिथं ना गाडी लावायची ना टपरी टाकायची. जी जागा एरवी भिंतीमागं मोकळी पडून पोरांच्या कागदांनी भरली असती ती आता चालायला आहे.

सगळ्यात जास्त भांडण कशावर झालं असेल? कट्ट्यावर! वाचनालयाच्या बाहेर दगडी कट्टा काढला होता. संस्था म्हणे पोरं बसतील, मावा खातील, थुंकतील. मी म्हटलं कोल्हापुरात कट्टा नसला तर पोरं बसायची थांबणार आहेत का, ती गाडीवर बसतील. शेवटी तोडगा निघाला तो असा की कट्टा वाचनालयाच्या मोठ्या खिडकीच्या खाली, आत ग्रंथपाल बाईंचं टेबल खिडकीला लागून. बाईंची नजर ज्यांनी अनुभवली आहे त्यांना कळेल. एक कोपरा लाल झालाय, नाही असं नाही, पण एकच.

हॉलबद्दल लिहायलाच पाहिजे. २०१९ च्या महापुरात नदीकाठची कुटुंबं आमच्या जुन्या शाळेत होती. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ च्या वर गेलेलं, २०२१ ला परत तेच. चार संडास, वर्गात बाकं रचून ठेवलेली, वर एका खोलीत खिचडी शिजायची आणि घमेली जिन्यानं खाली आणायची. बाहेर सगळीकडं पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. ते आठवून मी आणि शिपाईमामांनी हट्ट धरला की पोषण आहाराचं स्वयंपाकघर खालीच पाहिजे, हॉलला लागून, हॉलला रस्त्याकडनं वेगळं दार, संडास बाहेरनं उघडणारे. आणि कोपऱ्यातली जुनी विहीर बुजवायची नाही. नकाशात तिथं पार्किंग होतं! विहिरीतला गाळ काढला, जाळी टाकली, पंप बसवला.

जूनमध्ये शाळा भरली. अजून काय काय अडतंय, नाही असं नाही. बाहेरच्या संडासाची चावी कुणाकडं ठेवायची यावर तीन मीटिंगा झाल्या, सध्या एक शिपाईमामांकडं आणि एक तालमीच्या वस्तादांकडं आहे, वस्तादांची गेल्या महिन्यात हरवली तर दोन दिवस कुलूप तोडायचं का नाही यावर चर्चा. साडेपाचचं गेट सरकवायला अजून दोन माणसं लागतात, रूळ नीट बसलेला नाही, कॉन्ट्रॅक्टर येतो म्हणतोय.

मेथीवाल्या आज्जी अजून जातात. परवा मी विचारलं, कशी वाटली नवी शाळा? म्हणाल्या, "बरी हाय, पर मधे वळसा पडतोय जरा."