पाहुण्यांच्या चपला

पाहुण्यांच्या चपलांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या ओळखीतल्या मुली मला हमखास विचारतात, "पाहुण्यांना चपला काढायला सांगायचं तरी कसं?" माझ्या उत्तराने त्यांचा जरा विरस होतो, कारण मी सांगतच नाही.

आपल्याकडचा पाहुणा सहसा सांगायची वाट बघत नाही. दारातूनच विचारतो, "इथेच काढू ना?" यजमानांनी "असू द्या हो, राहू द्या" म्हणायचं आणि पाहुण्याने ते कानाआड करून चपला काढायच्याच, हे ठरलेलं. गोंधळ उडतो तो यजमानीणबाई टाचदुखीपायी घरात स्लिपर घालून वावरत असल्या की. त्यात पाहुणा ऑफिसातून परस्पर आलेला, लेसचे बूट, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मग बिचारा तासभर पाय सोफ्याखाली दडवून बसतो.

खरी अडचण जागेची आहे. वाड्याला ओटा होता, ओसरी होती. टेकायचं, चपला काढायच्या, तांब्याभर पाणी पायांवर घ्यायचं आणि मग आत. फ्लॅटचं दार उघडलं की थेट हॉल. रॅक बाहेर पॅसेजमध्ये ठेवावा तर सोसायटीची नोटीस येते, आणि ती योग्यच असते. आग लागली तर धुरातून त्याच वाटेने खाली पळायचं असतं. तेव्हा रॅक दाराच्या आत घ्या आणि शेजारी एक स्टूल ठेवा. हळदीकुंकवाला आलेली बाई एका हाताने निऱ्या सावरत, एका पायावर उभी राहून सँडलचं बक्कल सोडवते, तेव्हा तिला धरायला दाराच्या चौकटीशिवाय काही नसतं. स्टूल दिसलं की ती आपणहून बसते. काही सांगावं लागत नाही.

आता ज्यांना चपला काढायला लावूच नये, त्यांच्याबद्दल. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी चालू देत नाहीत. खडा रुतला, फरशीची कपची लागली तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांच्या पायांत मऊ तळाच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला असतात. त्या पायपुसण्यावर पुसल्या की झालं. गुडघे न वाकणाऱ्यांचंही तेच. फरशी पुसता येते हो!

आणि सिलिंडरवाला. गॅस 14.2 किलो, वर टाकीचं वजन साधारण तेवढंच. म्हणजे खांद्यावर जवळपास 30 किलो घेऊन, कधी कधी जिना चढून तो दारात उभा, आणि आतून आवाज येतो, "अहो, बूट काढा आधी!" हीच माउली जावयाला "असू द्या हो" म्हणताना मी ऐकलेली आहे. सिलिंडर येणार असेल त्या दिवशी मी दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जुने पेपर पसरते. पावसाळ्यात पेपर घसरतात म्हणून गोणपाट.

यावर मुलींचा शेवटचा प्रश्न असतो, "एवढं करूनही कुणी बुटांसकट सरळ आत आलंच तर?" तर चहा टाका. गालिचा असेल तर तेवढा आधी गुंडाळून ठेवा.