मागावर न विणलेली चादर

सोलापुरात धूळ दोन जातींची. एक काळ्या रानाची, वैशाखात वावटळीबरोबर येणारी. कोरडी, फुंकर मारली की उडणारी. दुसरी सुताची. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तिचे तंतू हवेतच तरंगतात. इतरत्र ती उडायला चादर-टॉवेल झटकले तरी पुरे. संगणकाचं खरं वैर या दुसरीशी.

प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये फट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. माती त्यातून बरीचशी पार होते. तंतू मात्र आडवा अडकतो, त्याला माती धरते, वर आणखी तंतू. पंखा आणि पाती यांच्यामध्ये चांगली घट्ट चादरच तयार होते. वरून पाहावं तर पंखा जोरात फिरतोय. हवा मात्र पुढे सरकत नाही. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि कुणीतरी हमखास सांगतं, ‘फॉरमॅट मारा.’ फॉरमॅटने धूळ निघत नाही. खोली १५ अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच जास्त तापतात, त्यामुळे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत गपगुमान चालणारं यंत्र मेमध्ये अचानक बंद पडतं.

साफ करताना आधी वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेट गच्चीत किंवा अंगणात न्या, नाहीतर तीच धूळ घरात. नुसता ब्लोअर मारला तर थर आणखी आत ठासतो. म्हणून हीटसिंकवरचा पंखा सोडवा, थर मऊ ब्रशने किंवा चिमट्याने उचला, मगच हवा मारा. त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरायचं. मोकळं सोडलं तर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला टेकवू नका, स्थिर विजेचा धोका असतो. पॉवर सप्लाय उघडायचाच नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. बाहेरूनच हवा मारा.

हीटसिंक मुळापासून काढलाच, तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, मटारच्या दाण्याएवढी. जास्त लावून गारवा वाढत नाही.

मुळात सूत आत येऊच नये म्हणून हवा ओढणाऱ्या पंख्यासमोर मच्छरदाणीची जाळी ताणून लावा. बारीक माती ती अडवत नाही, पण तंतू बरेचसे अडवते, आणि थराची सुरुवात तंतूंपासूनच होते. जाळी मात्र दर पंधरवड्याला पुसायची. तुंबलेली जाळी नसलेलीच बरी. कॅबिनेट जमिनीवर, केरसुणीच्या वाटेत ठेवू नका. वीतभर उंच आणि भिंतीपासून वीतभर लांब. उन्हाळ्यात एका बाजूचं झाकण काढून ठेवायची टूम निघते. दोन दिवस बरं वाटतं. मग जाळी चुकवून सूत थेट बोर्डावर.

सोडवलेला पंखा परत लावताना चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहून घ्या. बाण नसेल तर ज्या बाजूला मोटरचे आडवे दांडे असतात, हवा सहसा त्याच बाजूने बाहेर पडते.