मोज्यातल्या तीन बाटल्या

द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकली की मामा दोन दिवस नाशकात आमच्याकडे राहायला येतात. यंदा नेमकी त्याच आठवड्यात लेक फ्रान्समधल्या ल्योंहून सुट्टीला आली. तिच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या वाइनच्या दोन बाटल्या होत्या, एक क्रोझ-एर्मिताज आणि एक सँ-जोझेफ. दोन्ही ऱ्होन नदीकाठच्या, दोन्ही सिरा द्राक्षाच्या. या सिरालाच आपल्याकडे शिराज म्हणतात आणि मामांच्या दिंडोरीकडच्या बागेत त्याचा एक एकर आहे. त्यांचा माल जिथे जातो त्या वायनरीची शिराज घरात होतीच.

लेकीने तिन्ही बाटल्यांवर माझे मोजे चढवले (धुतलेले होते) आणि नंबर टाकले. नाशकात पारा 38 वर, तेव्हा बाटल्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली फ्रान्समधली, आमची पत्र्याखालची गच्ची नव्हे. ग्लास निघाले चार, त्यातले दोन पाण्याचे. आईने देवघराचं दार ओढून घेतलं आणि "दादा, बेतानं हं" म्हणून ती आमच्यातच येऊन बसली.

एक नंबर पातळ, आंबटसर, जरा मुकी वाटली. दोन नंबरचा वास घेताच मिरपूड, मग ओल्या दगडासारखं काहीतरी आणि पार शेवटी जांभळाचा तुरटपणा. तीन नंबर गडद, जाडसर आणि गोडसर. पिकून काळ्या पडलेल्या करवंदांची आठवण झाली, आणि घोट उतरला की घसा गरम.

"ही आपली," तीन नंबरवर बोट ठेवून मामा म्हणाले. "हिला ऊन लागलंय."

मोजे काढले तर त्यांचं बरोबर निघालं. दोन नंबर सँ-जोझेफ होती आणि मला तीच सगळ्यांत आवडली, हे मामांसमोर सांगताना जीभ जरा अडखळली. पण क्रोझपेक्षा आमची शिराज सरस होती. गाववाला म्हणून नाही म्हणत.

मामांना या निकालात फारसा रस नव्हता. "एकरी किती काढतात?"

लेकीने मोबाइलवर हिशेब मांडला. सँ-जोझेफला हेक्टरी 40 हेक्टोलिटरची (चार हजार लिटरची) मर्यादा आहे, म्हणजे एकरी सोळाशे लिटर, म्हणजे द्राक्षं दोन-सव्वादोन टन.

"दोन टन?" मामांनी ग्लास खाली ठेवला. खायच्या थॉमसन द्राक्षांचे ते एकरी दहा टन काढतात. "मग त्यांचं भागतं कसं?"

बाटलीची किंमत ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तिकडच्या ग्रॅनाइटच्या चढांवर ट्रॅक्टर चढत नाही, सगळं हातानं करावं लागतं, हे ऐकून मात्र त्यांना फ्रेंच शेतकऱ्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. मग त्यांनी विचारलं, "छाटणी एकच?"

एकच, हिवाळ्यात. थंडीत वेल झोपलेला असतो तेव्हा. आपल्याकडे वेलाला झोप नाही. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरला की फळासाठी गोडी छाटणी, आणि काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध. तिकडे तोडणी सप्टेंबरात, उन्हं उतरताना. आपल्याकडे जानेवारीनंतर, उन्हं चढताना. मामा बराच वेळ गप्प होते. "म्हणजे त्यांची बाग रजा घेते," एवढंच म्हणाले.

"पण तुम्ही दोघं मघापासून मिरे मिरे करताय," ते म्हणाले, "मला तर कुठेच लागले नाहीत."

यावर लेक खुलली. सिरातला मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो 2008 साली शोधला आणि खऱ्या मिऱ्यातही तोच निघाला. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षात तो जास्त असतो. आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. "आजोबा, तुम्ही त्यातले."

"मिऱ्याचा वास येत नाही? मला?" मामा उठले, तडक स्वयंपाकघरात गेले आणि मिसळणाचा डबा घेऊनच परतले. दोन मिरे दाढेखाली फोडले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावले, आणि ग्लास पुढे केला.

"दोन नंबर ओत बघू परत."