इंदूर–धुळे–इंदूर, भरलेला ट्रेलर: ऑटोमॅटिक गेअर घाटात किती कामाचा

‘घाटात ड्रायव्हरला कामच उरत नाही, गाडी सगळं आपणहून करते,’ असं ऑटोमॅटिक ट्रेलर विकताना सांगतात. हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याला भरलेली गाडी देऊन गुजरीकडून मानपूरला एकदा जाममध्ये चढायला लावावं.

फेरी इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरातून धुळे आणि परत, दोन्ही वेळा माल भरून. दोन ट्रेलर, दोन्ही २२ चाकी, काट्यावर दोन्ही ५५ टनांच्या आत. एकाला हाताने टाकायचा ९ गेअरचा बॉक्स, दुसऱ्याला १२ गेअरचा ऑटोमॅटिक. रस्ता जुना आग्रा–मुंबई, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३, आताचा ५२.

‘ऑटोमॅटिक’ या शब्दानेच निम्मी फसगत होते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक जड ट्रकांच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा भाग) नसतो. तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, आतले दातेही तसेच. फक्त क्लच दाबायचं आणि गेअर सरकवायचं काम कॉम्प्युटर हवेच्या दाबावर करतो. म्हणजे हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट धरलेला असताना, जी प्लेट मॅन्युअलमध्ये जळते, ती इथेही जळते. फरक एवढाच की मॅन्युअलमध्ये डाव्या पायाला ते आधी कळतं. इथे डावा पाय रिकामा, त्यामुळे कळतं ते वासाने किंवा डॅशबोर्डवरच्या दिव्याने. तोवर उशीर झालेला असतो.

आता तो चढ. परतीच्या वाटेवर खलघाटचा पूल ओलांडून धामनोद, गुजरी मागे पडलं की गणपती घाट सुरू होतो. वर कुठेतरी एक गाडी बसली की मागे रांग लागते आणि रांग दर मिनिटाला पाच-सहा मीटर सरकते. ऑटोमॅटिक गाडीची वाट इथे लागते. ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरला पाय नुसता टेकवला की गाडी अर्ध्या क्लचवर रांगत राहते. दिसायला छान दिसतं. आत प्लेट घासत असते. त्यात कॉम्प्युटर वजनाचा अंदाज घेऊन गाडी स्वतःच्या मनाने दुसऱ्या-तिसऱ्या गेअरवर उचलतो, सपाटीवर ते ठीक, चढावर नाही. पाऊण तासात क्लच गरम झाल्याचा इशारा आला. मागच्या मॅन्युअल गाडीला काही झालं नाही, कारण ती क्रॉलरमध्ये (सर्वात खालच्या, ताकदीच्या गेअरमध्ये) होती आणि उचलताना एकदाच क्लच सुटत होता.

ऑटोमॅटिकमध्ये हेच करायचं असतं, पण कोणी शिकवत नाही. लिव्हर ‘एम’वर (गेअर हाताने निवडायची जागा) घ्या, गेअर १ वर आणा. पुढच्या गाडीशी चिकटू नका. पंधरा-वीस मीटर मोकळे होईपर्यंत ब्रेकवर उभे राहा, मग एका दमात उचला, क्लच पूर्ण बसू द्या, तेवढं अंतर कापा, पुन्हा थांबा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. चढावर मागे घसरू पाहणाऱ्या गाडीला अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर जागेवर तोलून धरणं हा प्लेट जाळायचा सर्वात खात्रीचा मार्ग. चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या हिल होल्डवरही विसंबू नका, ब्रेकवरून पाय काढल्यावर तो दोन-तीन सेकंदच धरतो. तेवढ्यात गाडी उचलली नाही तर ५५ टन मागे.

इशारा आलाच तर कडेला घ्या, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांखाली लाकडी ठोकळे, आणि इंजिन चालूच ठेवा. न्यूट्रलमध्ये क्लच बसलेला असतो, घासत नाही, आणि फ्लायव्हील फिरत राहिल्याने हाऊसिंगमधली हवा हलते. दहा-पंधरा मिनिटांत दिवा जातो. याच दहा मिनिटांत मोटरसायकलवरून एक मिस्त्री हजर झाला. न उघडता निदान: प्लेट संपली. प्लेट आणि मजुरी मिळून ३५ हजार. त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘प्लेट बसवल्यावर क्लच शिकवायला स्कॅनर आहे का?’ ऑटोमॅटिकमध्ये नव्या प्लेटचा पकडबिंदू कॉम्प्युटरला शिकवावा लागतो, त्याशिवाय गाडी नीट उचलत नाही. स्कॅनर नव्हता. दिवा गेला, गाडी त्याच प्लेटवर इंदूरला आली.

उतारांबद्दल. इंदूरहून जाताना गणपती घाट उतरायला आता वेगळा, सौम्य उताराचा रस्ता झाला आहे, त्यामुळे पूर्वीची धडकी राहिली नाही. खरी परीक्षा बिजासन घाटाची. सेंधवा सोडून देवीचं मंदिर गेलं की रस्ता महाराष्ट्राच्या हद्दीत पळासनेरला उतरतो. ४ जुलै २०२३ ला याच पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा माणसं गेली. हिशोब साधा आहे: ५५ टन वजन १०० मीटर खाली आणताना सुमारे १५ युनिट विजेइतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनात जिरवली नाही तर चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये जाते, ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणारा लायनर गुळगुळीत होतो, आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही.

ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये (गाडीच गेअर निवडते ती जागा) ठेवून उतरू नका. आरपीएम वाढला की तो वरचा गेअर टाकून मोकळा होतो, नेमकं उलटं. उतार सुरू व्हायच्या आधी ‘एम’, वेग २५–३० वर आणा, ज्या गेअरने हा घाट भरून चढता तो किंवा त्याच्या एक खालचा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) १८००–२२०० आरपीएमला नीट धरतो, १२०० ला नुसता आवाज करतो. तांबड्या पट्ट्यात जाऊ देऊ नका. पाय ब्रेकवर ठेवून घासत उतरायचं नाही. ठरलेल्या वेगाच्या वर गेलात की तीन-चार सेकंद ठाम दाबा, सात-आठ किलोमीटरने वेग पाडा, पूर्ण सोडा. मॅन्युअलवाल्याने लो-हाय बटण (खालच्या-वरच्या गेअरांचा गट बदलणारं) घाटात बदलूच नये. मध्येच न्यूट्रल अडकला तर भरल्या गाडीत गेअर परत बसत नाही.

न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचतं हे अजूनही छातीठोक सांगणारे उस्ताद आहेत. बीएस-६ इंजिनात गेअर टाकून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळतंच. म्हणजे जीव धोक्यात घालून वर तोटाच.

खलघाट ते सेंधवा आणि शिरपूर ते धुळे यावर लिहिण्यासारखं काही नाही. क्रूझ लावा, चहा प्या.

सकाळची एक कटकट मात्र आहे. रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असेल तर ऑटोमॅटिक गेअरच टाकत नाही, कारण गेअर हवेवर हलतो. प्रेशर ८ बारच्या आसपास येईपर्यंत थांबा, लिव्हरशी झटापट नको. टाक्यांचं पाणी रोज काढा, ओली हवा व्हॉल्व्ह खाते. बॅटरी बसली तर धक्का मारून चालू होणार नाही. आणि इंजिन बंद केल्यावर तो सहसा न्यूट्रलला जातो, मॅन्युअलसारखी पहिल्यात टाकून उभी करता येत नाही. उतारावर ठोकळे लावल्याशिवाय खाली उतरू नका.

निकाल विचाराल तर: या रस्त्याला ऑटोमॅटिकच घ्या, पण नुसत्या एक्झॉस्ट ब्रेकवर नको, इंजिन ब्रेक (इंजिनाच्या व्हॉल्व्हवर चालणारा) किंवा रिटार्डर (शाफ्टला रोखणारा वेगळा ब्रेक) असेल तरच. आठ तासांनी माणूस कमी थकतो हे खरं आहे, आणि नवशिक्याच्या हातून गेअरचे दात वाचतात. मुरलेला ड्रायव्हर असेल आणि फेरी रोज घाटातल्या जामची असेल, तर ९ गेअरचा मॅन्युअल अजून स्वस्त पडतो.

माल भरल्यावर किंवा उतरवल्यावर ऑटोमॅटिकला नवं वजन ओळखायला थोडं अंतर लागतं, तेव्हा गोदामातून निघताना पहिले दोन-तीन किलोमीटर गेअर हातानेच निवडा. आणि गाडी ओढून न्यायची वेळ आली तर क्रेनवाला काहीही म्हणो, आधी प्रोपेलर शाफ्ट (गेअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून घ्या. इंजिन बंद असताना चाकं शाफ्ट फिरवतात, पण बॉक्समध्ये तेल वर चढत नाही. तीस किलोमीटर तसं ओढलं तर क्लच वाचवून उपयोग नाही, बॉक्सच उघडावा लागेल.