तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हर आपला की क्लाउडचा?

'विंडोज ११ या मशिनांवर चढत नाही म्हणतात. मग सगळे पीसी बदलायचे, की एक सर्व्हर घेऊन सगळ्यांना त्यावर बसवायचं, की सरळ क्लाउडवर जायचं?' हा प्रश्न मला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले विचारतात, नवी पेठेतले होलसेलवाले विचारतात, युनिफॉर्म शिवणारे विचारतात. सीएंच्या ऑफिसातूनही फोन येतो. कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपल्याकडे सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं अजून धडधाकट आहेत, ती भंगारात द्यायला कुणाचाच जीव होत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दहा-तीस माणसांचं ऑफिस, टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि बिलाची छपाई एवढंच काम असेल, तर जागेवर एक चांगला सर्व्हर घ्या आणि त्यावर विंडोजची रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस (आरडीएस) चालवा. व्हीडीआयच्या, म्हणजे सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळा आभासी पीसी देण्याच्या, वाटेला जाऊ नका. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेलं मशिन, मोजक्या लोकांसाठी ठेवा.

आरडीएस आणि व्हीडीआय यांत फरक काय, तर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस म्हणजे वाड्यातली बिऱ्हाडं: आड एक, दरवाजा एक, खोल्या वेगळ्या. एकच विंडोज सर्व्हर, त्यावर प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन. व्हीडीआयमध्ये प्रत्येकाला स्वतःचं आख्खं विंडोज मिळतं, व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेल्या पीसीत. त्यामुळे एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला झळ लागत नाही, आणि डिझाइनचं जड सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला ते सोयीचंही पडतं. पण प्रत्येक विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम नुसती चालू व्हायला हवी. वीस माणसांची ८० जीबी इथेच झाली, आणि अजून कुणी क्रोम उघडलेलं नाही. शिवाय पीसीबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स व्हीडीआयला चालत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स किंवा व्हीडीए नावाचं वेगळं सबस्क्रिप्शन लागतं. कोटेशनमध्ये ही ओळ बहुतेक वेळा नसते, म्हणून स्वतःहून विचारा.

व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरचं नाव घेऊन बरेच जण येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ब्रॉडकॉमने घेतली आणि त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळायचं बंद झालं. तिचं डेस्कटॉपचं उत्पादन, होरायझन, २०२४ पासून ऑम्निसा या वेगळ्या कंपनीकडे आहे. त्याच धंद्यातलं सिट्रिक्सही २०२२ मध्ये हातबदल होऊन गेलं. मोठ्या बँकेला हे सगळं पेलतं. आपल्या कारखान्यात दर वर्षी बदलणारं बिल आणि ते सांभाळायला वेगळा माणूस, हे पेलणारं नाही.

आता सोलापूरचं खास कारण. टॉवेलच्या कारखान्यातला एखादा कॅबिनेट उघडून बघा. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकवर सुताचा तूस असा थापलेला असतो की बोटाने ओढला तर आख्खा थर नमद्यासारखा निघून येतो. हवा आत जायला वाटच नसते. त्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. मशिन तापतं, आपोआप बंद पडतं आणि दिवाणजी म्हणतात, 'टॅली हँग झालं.' टॅलीचा काही दोष नसतो. थिन क्लायंटला, म्हणजे सर्व्हरवरचं काम फक्त स्क्रीनवर दाखवणाऱ्या छोट्या डब्याला, बहुधा पंखाच नसतो, म्हणून पॅकिंग खात्यात आणि डिस्पॅचच्या टेबलावर तो टिकतो. तो १०-१५ वॅट खातो, त्यामुळे लाईट गेली की त्याच यूपीएसवर कितीतरी जास्त वेळ निघतो. सर्व्हर तेवढा एका बंद, गार खोलीत ठेवायचा. दहा ठिकाणचा तूस काढण्यापेक्षा एक खोली सांभाळणं सोपं. आणि ती जुनी सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं? ऑफिसच्या बाजूला, जिथे तूस नाही, तिथे त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून रेमिनासारखा रिमोट क्लायंट (सर्व्हरला जोडणारं सॉफ्टवेअर) बसवला की तीच थिन क्लायंट होतात.

पण खरी अडचण येते ती छपाईत आणि सहीत. त्याबद्दल कुणी आधी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे डिलिव्हरी चलन अजून कार्बनच्या कागदावर, डॉट मॅट्रिक्सवर निघतं. रिमोट डेस्कटॉपमध्ये प्रिंटरसाठी ईझी प्रिंट नावाची सोय आपोआप लागू होते. ती लेझर प्रिंटरला उत्तम आहे. डॉट मॅट्रिक्सकडे मात्र ती पान अक्षरांऐवजी चित्र म्हणून पाठवते. मग हेड एकेक ओळ घासत बसतं, अक्षर फिकं येतं आणि दारात टेम्पो ताटकळतो. उपाय आहे. ईझी प्रिंट बंद करा, त्या प्रिंटरचा ड्रायव्हर थेट सर्व्हरवर टाका आणि टॅलीत छपाईचा प्रकार डॉट मॅट्रिक्स निवडा. चलन पुन्हा पहिल्यासारखं सरसर येतं.

डिजिटल सहीचं टोकन त्याहून हट्टी. लोक ते सुरक्षित राहावं म्हणून सर्व्हरच्या मागे लावतात आणि मग सेशनमध्ये ते दिसतच नाही. टोकन हे विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड, आणि विंडोज रिमोट सेशनमध्ये स्मार्ट कार्ड शोधतं ते माणूस जिथे बसला आहे त्या मशिनवर, सर्व्हरवर नाही. म्हणजे टोकन थिन क्लायंटला लावायचं, त्या थिन क्लायंटला स्मार्ट कार्ड पुढे पाठवता यायला हवं, आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवरही हवा. एवढं करूनही सहीची काही सॉफ्टवेअर दोघांनी एकाच सर्व्हरवर एकदम उघडली की एकमेकांना अडवतात. म्हणून माझा आग्रह असतो की सहीसाठी विंडोज ११ चा एक साधा पीसी वेगळाच ठेवा. एका पीसीचे पैसे वाचवायला जाऊन रिटर्नच्या दिवशी सगळं ऑफिस खोळंबवू नका.

लायसन्सचं थोडक्यात. विंडोज सर्व्हर एक, आणि त्यावर माणसामागे किंवा मशिनमागे एक विंडोज सर्व्हर कॅल आणि एक आरडीएस कॅल (कॅल म्हणजे सर्व्हर वापरण्याचा परवाना). दोन पाळ्यांत तेच टेबल वापरत असाल तर मशिनमागे घ्या, स्वस्त पडतं. टॅली सिल्व्हर एकाच माणसाचं, इथे गोल्डच लागतं. बाजारात विंडोज प्रोवर पॅच मारून पाच-सहा जणांना एकाच पीसीवर बसवून देणारे आहेत. ते लायसन्सच्या बाहेर आहे आणि विंडोजचा एखादा अपडेट आला की सगळं एका रात्रीत बंद पडतं.

मग क्लाउड कुणाला? ज्यांची माणसं पुण्यात, मुंबईत, घरी अशी विखुरलेली आहेत त्यांना, आणि ज्यांचं काम महिन्यातले काही दिवसच वाढतं त्यांना. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपचं बिल वापराच्या तासांवर येतं, मशिन बंद ठेवलं तर उरतो मुख्यतः डिस्कचा खर्च. विंडोज ३६५ चं माणशी ठरलेलं मासिक भाडं असतं, चालवा नाही तर चालवू नका. अमेझॉनचं वर्कस्पेसेसही आहे. अंतराची काळजी करू नका, अझ्युअरचं एक केंद्र पुण्यातच आहे. काळजी करा ती तुमच्या गेटापासून खांबापर्यंतच्या वायरीची. रस्ता खोदताना फायबर तुटली की क्लाउडवरचं ऑफिस दुपारभर रिकामं बसतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाईन, तीही वेगवेगळ्या वाटेने आलेल्या, नसतील तर कारखान्याचं डिस्पॅच क्लाउडवर टाकू नका. जागेवरच्या सर्व्हरला इंटरनेट गेलं तरी चलन छापता येतं.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. मालकांना घरून बघता यावं म्हणून राऊटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, थेट इंटरनेटला उघडून देणं. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची खोट याच रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडली होती, पासवर्डशिवाय आत शिरता येणारी. पॅच आला, तरी उघडा पोर्ट आणि सोपा पासवर्ड शोधणारे प्रोग्रॅम आजही रात्रंदिवस फिरतात आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बऱ्याचदा तिथूनच घुसतं. सगळं एका सर्व्हरवर आणलंत म्हणजे गेलं तर सगळं एकदम जाणार. व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी वाट) लावा, किंवा आरडी गेटवे (ओळख तपासूनच आत सोडणारा मधला सर्व्हर). बॅकअपची एक प्रत रोज अशा ठिकाणी ठेवा जी सर्व्हरला कायमची जोडलेली नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, हे सीएंशी एकदा बोलून घ्या.

आणि पैसे देण्याआधी चालवून बघा. विंडोज सर्व्हरची चाचणी प्रत १८० दिवस मोफत चालते, आरडीएस कॅलशिवाय १२० दिवस निघतात. एवढ्या काळात जीएसटीची २० तारीख तीन-चार वेळा येते. त्या आठवड्यात बघा: टेबलावर तुमचा स्वतःचा डॉट मॅट्रिक्स, हातात टोकन, आणि खुर्चीवर विक्रेत्याचा मुलगा नाही, तुमचे दिवाणजी.