तुम्ही विचारलेत म्हणून : येळवशीची भज्जी

नोकरीनिमित्त पुण्यात राहू लागल्यापासून प्रत्येक सणाला कोणीतरी मला हमखास विचारते, की तुमच्या लातूरकडे सणाला काय विशेष करतात आणि त्यातले तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडते. विचारणाऱ्याला बहुधा पुरणपोळी किंवा अनारसे असे उत्तर अपेक्षित असते. दोन्ही आमच्याकडे होतात, नागपंचमीला पुरणाचे दिंड होतात, आणि येळवणीच्या, म्हणजे कटाच्या, आमटीवरून मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. परंतु माझे उत्तर मार्गशीर्ष अमावस्येची, म्हणजे आमच्या येळवशीची, भज्जी हेच आहे.

येळवस लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागाबाहेर फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी, रब्बीची ज्वारी उभी असते आणि हरभऱ्याला घाटे धरलेले असतात तेव्हा, घरेच्या घरे कुलूप लावून शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, पिकात आंबिल शिंपडतात आणि मग पंगत बसते. त्या दिवशी या जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते आणि लातूरची बाजारपेठ अक्षरशः ओस पडते.

पंगतीत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आंबिल असते. पण हे सारे भज्जीच्या भोवती. तळलेल्या भज्यांशी तिचा संबंध नाही. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे ओले दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची आणि लसणाची पात, गाजर, वांगी, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, कधी चार बोरेसुद्धा, असे जे रानात आणि बाजारात त्या आठवड्यात असेल ते सगळे ताकात कालवलेल्या बेसनात शिजते. आदल्या रात्री चुलत्या, आत्या आणि आम्ही पोरे शेंगांच्या ढिगाभोवती बसायचो. दाणे सोलता सोलता निम्मे तोंडात जात, आणि वर्षभरात कोणाचे कोणाशी का बिनसले याचा निकाल तिथेच लागे. किती मेथी घालायची, असे मी आजीला विचारले की ती म्हणायची, "काय बघायलीस, घाल की." त्यामुळे कोणी पाककृती मागितली, की माझी अडचण होते. चार माणसांची भज्जी मी करून पाहिली. फ्लॉवर आणि गोठवलेला गोड वाटाणा घातला की ती सौम्य मिश्रभाजी होते, आणि चुक्यावाचून तर तिला अर्थच उरत नाही.

आंबिल मात्र आजोबांच्या अखत्यारीतले. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून शिजवायचे आणि त्यात लसूण, आले, मिरची घालायची, हे काम आजीचे. पण भरलेली बिंदगी डोक्यावर घेऊन शेतापर्यंत अनवाणी चालत जायचे, ते आजोबांनी शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. जेवणाच्या वेळी ते बांधावर उभे राहत आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत. एकदा त्यांनी एसटीच्या चालक-वाहकासकट प्रवाशांनाही उतरवून घेतले होते. बस उशिरा पोहोचल्याची तक्रार कोणी केली नाही, कारण तक्रार करणारेही पंगतीतच होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरची येळवस मला सर्वांत स्पष्ट आठवते. आमच्या घराच्या भिंतींना तडे गेले होते, पण माणसे वाचली होती. उमरगा तालुक्यातल्या आत्याच्या घरी तसे झाले नव्हते, आणि ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. यंदा सण नको, असे काकांनी सुचवले. आजीने वाद घातला नाही, फक्त नेहमीपेक्षा मोठे पातेले चुलीवर चढवले. पूजा थोडक्यात उरकून आम्ही ते पातेले बैलगाडीने फाट्यापर्यंत आणि तिथून एका टेम्पोने आत्याकडे नेले. शेडच्या रांगेत ज्याला जे भांडे मिळाले त्यात त्याने भज्जी घेतली. आत्या आधी जेवायला तयार नव्हती. मग तिने एक घास घेतला आणि मीठ कमी पडल्याचे आजीला सांगितले. आजी त्या शेऱ्याने इतकी सुखावली, की पुढे कित्येक वर्षे ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

आता आमच्या शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी घटली, आणि कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो. काहीजण तर बांबूंना साड्या गुंडाळून भागवतात. मला ते खटकते, पण पंगत होते, आणि भज्जी अजून मोठ्या पातेल्यातच शिजते. आत्या ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि मिठाचा निर्णय आता तीच देते. तेव्हा तुम्हाला खरोखर चव घ्यायची असेल, तर पाककृती मागण्याऐवजी येळवशीला आमच्याकडे यावे. आमंत्रणाची वाट पाहू नये, फक्त दुपारी एकच्या आत पोहोचावे, कारण नंतर भज्जी असते, पण उंडे संपलेले असतात.