पाऊस आला आणि मला बरं वाटलं

रविवारी अलार्म वाजायच्या आधीच जाग आली ती गॅलरीच्या पत्र्यावरच्या आवाजाने. धो धो नुसता. पडल्या पडल्याच कळलं की आज विश्रामबागवाड्यासमोर चित्र काढायला काही बसता येणार नाही आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं, की शाळेत असताना पावसाची सुट्टी जाहीर झाली की वाटायचं ना, अगदी तस्सं. पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि साडेनऊपर्यंत झोपले.

मग दिवसभर तेच डोक्यात. बरं का वाटलं?

कोणी सांगितलं नव्हतं मला हे करायला. मागच्या वर्षी जानेवारीत मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, दर रविवारी पेठांमधलं एक चित्र, जागेवर बसून, एकही रविवार चुकवायचा नाही. 'नाही'खाली दोन रेघा. तेव्हा अंगातच आलं होतं माझ्या. मंडईचा मनोरा काढला त्या आठवड्यात भेटेल त्याला धरून सांगत होते की ही इमारत 1886 ची, आणि फुल्यांनी नगरपालिकेत असताना हिच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आता नाव बघा कोणाचं! भाजीवालीलाही सांगितलं. ती म्हणाली, ताई मेथी घेणार का. आणि मी खूष, मेथीपण घेतली.

आता मंडईत गेले की मनोऱ्याकडे बघून डोक्यात येतं, हा झालाय, मागच्या बाजूने काढला तर चालेल का. चालेल का म्हणजे कोणाला?

एक गोष्ट लिहूनच टाकते. मे महिन्यातले दोन रविवार मी गेलेच नव्हते. एक लग्न होतं, आणि दुसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, नुसतं नाही गेले. नंतर बुधवारी रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशेजारी बसून फोनमधल्या फोटोंवरून दोन चित्रं काढली आणि कोपऱ्यात रविवारच्या तारखा टाकल्या. शाई वेगळी दिसू नये म्हणून पेनही तेच वापरलं, बघा केवढी अक्कल चालते अशा वेळी. फसवत कोणाला होते तर वही कपाटात असते, आई सोडून कोणी उघडत नाही आणि आई चष्मा न लावता बघते. पण मला ती पानं लगेच ओळखू येतात. विश्रामबागेचे ते कोरीव लाकडी खांब जागेवर बसून काढले की एखाद्याची चीर दिसते, वर कबुतर येऊन बसतं, मध्येच पीएमटी आडवी जाते आणि तेवढ्यात खांबाची रेघ वाकडी होते, ती वाकडीच राहते. फोटोवरून काढलेले सगळे सरळ. शेल्फावर मांडलेल्या बाटल्या जशा.

आणि तरीसुद्धा पाऊस आला तर बरं वाटलं. घोळ हाच आहे. कंटाळा आला असता तर सोडून दिलं असतं, पण कंटाळा नाही आलाय. वाड्यांवरून गाडी जाते तेव्हा अजूनही मान वळते माझी.

ह्याला सांगितलं तर म्हणाला, "मग नको जाऊस." झालं. एवढं सोपं. दोन दिवस धड बोलले नाही मी. ताईला फोन करावा वाटलं, पण तिचं आत्ता... जाऊदे.

रात्री अकराला मोबाईलवर बर्नआउट शोधत बसले. तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्टच केलंय की हा आजार नाही, आणि हा शब्द फक्त नोकरी-कामाच्या ठिकाणच्या ताणापुरताच वापरायचा. थकवा, कामाबद्दल मनात येणारा तुटकपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्हीवर टिकमार्क केली मनातल्या मनात, पण पगार कुठाय? मला पगार नाही, बॉस नाही, म्हणजे थकायचासुद्धा हक्क नाही? फार वाईट वाटलं तेव्हा स्वतःबद्दल, रडूच आलं थोडं. (ऑफिसातल्या थकव्यासाठी हा शब्द खुशाल वापरता आला असता, पण तिथलं मला काहीच वाटत नाही हल्ली.) मग अजून खाली वाचलं तर हा शब्द ज्यांनी 1974 मध्ये पहिल्यांदा नीट मांडला ते मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडनबर्गर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून संध्याकाळी फुकट काम करायचे, आणि तिथल्या लोकांना बघून, स्वतःला बघून लिहिलं त्यांनी. हौशीने आलेली माणसंच होती की ती! म्हणजे माझा नंबर लागतो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू, जसं काही रेशनकार्डावर नाव आलं.

काल धाकटीच्या वह्यांसाठी अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानदार काकांनी न विचारता पॉइंट थ्रीचं पेन काढून काउंटरवर ठेवलं. म्हटलं नको, आहे घरी. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "एप्रिलमध्ये नेलंत. संपलं नाही म्हणजे काढत नाही तुम्ही." म्हटलं काढते हो. "मग संपलं असतं." आणि वह्यांचं बिल करायला लागले.

पुण्यात दुकानदाराकडून दुसरी अपेक्षा नाहीच, पण कान जाम तापले माझे. आणि सिग्नलला उभी असताना एकदम हसायलाच आलं. म्हणजे मी दीड वर्ष ज्या वाड्यासमोर सकाळी साडेसहाला हजेरी लावल्यासारखी जाऊन बसते त्याचं नाव विश्रामबाग! दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधलेला, त्याने तरी तिथे आराम केला असेल की. मी स्टूल, थर्मास, टोपी आणि घड्याळ घेऊन. चक्क घड्याळ घेऊन, कारण पाऊण तासात झालं नाही तर ऊन येतं. त्याच वाड्याला 1879 मध्ये आग लागली होती, बुधवारवाडा तर त्यात गेलाच सगळा, हा डागडुजी होऊन उभा राहिला. हे मला आधीपासून माहीत होतं आणि आत्तापर्यंत एकदाही हसू आलं नव्हतं.

घरी येऊन वही काढली. त्या दोन पानांवरच्या तारखा खोडल्या नाहीत, नुसतं शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'बुधवारी रात्री, ओट्याशेजारी, फोटोवरून.' या रविवारचं पान कोरं सोडलं आणि त्यावर 'पाऊस' लिहिलं. झोपेचं लिहिलं नाही. आईने चष्मा लावला तर काय घ्या.

पहिल्या पानावरच्या त्या दोन रेघांचं काय करायचं ते कळत नाहीये. शाई पक्की आहे.

येत्या रविवारी कोरडं आहे म्हणे. अलार्म काढला नाही, साडेपाचचा साडेसात केलाय. स्टूल गाडीच्या डिकीतून वर आणलं, तर धाकटी त्याच्यावर चढून आरशात बघत बसते आणि आता द्यायला तयार नाही.